कोरड्या वर्षातले सत्तेचाळीस वाडगे

आमच्या गावाबाहेरच्या वीटभट्टीच्या खड्ड्यात ती कबर लागली, तेव्हा १९७८ चा एप्रिल चालू होता. माती काढणाऱ्यांच्या कुदळीला आधी पांढरी चिकणमाती लागली, मग जाड लाकूड, आणि लाकूड उचकटल्याबरोबर पाणी. दोन हजार वर्षांपूर्वी आत शिरलेलं पाणी. त्या पाण्यात वाडगे होते. बाहेरून काळे, आतून लाल, आणि असे चकचकीत की कुणीतरी सकाळचं जेवण आटोपून विसळायला ठेवलेत असं वाटावं.

मी तालुक्याच्या सांस्कृतिक केंद्राचा राखणदार. आडनाव फान. झाडलोट करायची, चहाचं पाणी तापवायचं, सिनेमाच्या पडद्याला ठिगळं लावायची, हे माझं काम. वाडग्यांतलं मला तेव्हा काही कळत नव्हतं. रोगणाचा वाडगा म्हणजे झाडाचा चीक लाकडावर थरावर थर चढवून केलेला वाडगा, एवढं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माझंही ज्ञान तेवढंच.

प्रांताची माणसं आली, चार दिवस राहिली आणि लिहिलेल्या बांबूच्या पट्ट्या, शवपेटी, हाडं असं सगळं ट्रकात भरून वुहानला घेऊन गेली. वाडग्यांना जागा उरली नाही. एक काशाचं भांडंही मागे राहिलं. जाताना म्हणाले, "वाडगे पाण्यात ठेवा. पाणी बदलत राहा. आम्ही मागवून घेऊ."

सत्तेचाळीस वाडगे होते. केंद्रात यिन सूलान नावाची बाई भित्तिपत्रकं रंगवायची. चाळिशीची, नवरा वारलेला, बोलायला कमी. तिचे वडील जुने रोगणकार, त्यामुळे वाडगे आपसूक तिच्या गळ्यात पडले. मागच्या खोलीत लाकडी टब मांडून तिने ते सगळे बुडवून ठेवले.

आमच्या केंद्राचे प्रमुख शांग माणूस वाईट नव्हते, पण हौशी होते. वर्तमानपत्रात फोटो छापून यावा म्हणून त्यांनी एक वाडगा पाण्यातून काढला आणि उजेडासाठी खिडकीत ठेवला. फोटोवाला दुपारी येणार होता. तो आला तेव्हा खिडकीत वाडगा नव्हता. उन्हात वाळलेलं पान जसं कडेने आत वळतं तसं काहीतरी पडलं होतं, आणि त्यावरची रोगणाची साल भाजलेल्या वांग्यासारखी सुटली होती.

सूलानबाई त्या तुकड्यापाशी बराच वेळ उभी राहिली. शांग म्हणाले, "मी तासभरच ठेवला होता."

"लाकूड कधीच मेलंय त्यांचं," ती म्हणाली. "आत नुसतं पाणीच आहे. पाणी गेलं की उरतं काय?"

त्या दिवसापासून मागच्या खोलीची किल्ली ती स्वतःजवळ ठेवायला लागली.

मे महिनाभर ती वाडगे एकेक करून बशीतल्या पाण्यात ठेवून त्यांची चित्रं काढत होती. मी पाणी बदलायला जायचो, म्हणून मला दिसायचं. एकदा तिने मला थांबवलं. टेबलावर ते काशाचं भांडं होतं, आणि शेजारी ओळीने चित्रं.

"फानदादा, या भांड्यावर काय दिसतं?"

"साप. एकमेकांत अडकलेले."

"कोपरे बघा त्यांचे. चौकोनी, कारण कारागिराने साच्याच्या मातीत सुरीने कोरलेत. आता हा वाडगा. हा सगळ्यात जुना, जाड लाकडाचा."

वाडग्यावरही तेच साप होते, तसेच चौकोनी.

"रंगाऱ्याने काशाची नक्कल केली," ती म्हणाली. "त्या काळी खरी श्रीमंती काशाची, मग लाकडालाही काशाचा मुखवटा. पण रोगणात बुडवलेला कुंचला चिकट असतो. कोपऱ्यावर थांबायला त्याला आवडत नाही. म्हणून पुढच्या वाडग्यावर कोपरे गोल झाले. त्याच्या पुढच्यावर सापाला चोच आली. मग मान लांबली, शेपटी सुटली, पिसांचा धूर झाला, आणि हे शेवटचे, कागदासारखे पातळ वाडगे, यांच्यावर नुसता ढग."

मी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. साप चालत चालत पक्षी झाला होता आणि पक्षी उडत उडत ढग. कुणा एकाच घराण्याचे वाडगे असावेत, पणजोबापासून पणतूपर्यंत सांभाळलेले.

तिचे वडील कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. यिन मिस्त्री, वय शहात्तर, बोटं रोगणाने कायमची काळी पडलेली. ते उठले आणि शेवटच्या चित्रातल्या ढगावर बोट ठेवलं. ढगाच्या वळणात एक पिवळा ठिपका होता.

"हा ठिपका मी लग्नाच्या परातींवर चाळीस वर्षं काढला," ते म्हणाले. "माझा गुरू काढायचा म्हणून मी काढायचो. का ते त्यालाही ठाऊक नव्हतं."

"पक्ष्याचा डोळा आहे तो, बाबा. बाकीचा पक्षी गेला, डोळा तेवढा राहिला."

म्हातारा वळला. स्टुलावर जाऊन बसला आणि आपल्या बोटांकडे बघत राहिला.

एवढं सगळं हातात आलं आणि पाऊस गेला. मे कोरडा, जून कोरडा. आमच्या पाणथळ मुलखात बेडूक रस्त्यावर मरून पडायला लागले. केंद्राची विहीर खाली जाता जाता जूनअखेर चिखलाला टेकली. नळाला सकाळी तासभर पाणी यायचं, माणशी एक बादली. नऊ टबांचे पाच झाले, पाचाचे तीन. दाटीवाटीने ठेवलेल्या वाडग्यांच्या पाण्यावर हिरवा तवंग धरला, लाकूड सडायला लागलं. त्या पंधरवड्यात नऊ वाडगे गेले. हातात उचलावा तर बुडापासून साल निसटायची. सूलानबाई प्रत्येकाचा क्रमांक लिहून ठेवत होती आणि वुहानला पत्रामागून पत्र धाडत होती. एका पत्राला उत्तर आलं, वीस जुलैला गाडी येईल. वीस तारखेला ती सकाळपासून फाटकात उभी होती. मी तिला खुर्ची नेऊन दिली तर बसली नाही. गाडी आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "फानदादा, कावड घ्या. तळ्यावर जाऊ."

तळं अर्ध्या कोसावर. त्याचं आता डबकं झालं होतं आणि त्यावर गावाच्या सामुदायिक शेतीच्या तुकडीचा पहारा होता. बायका पायाने रहाट फिरवून पाणी भाताच्या खाचरांत चढवत होत्या. त्यांत माझी बायको हुईफांगही होती. तुकडीप्रमुख तुआन बांधावर आडवा आला.

"पाणी कुणासाठी?"

"वाडग्यांसाठी," सूलानबाई म्हणाली.

तो हसलाही नाही. "ज्यांनी दोन हजार वर्षांत घास खाल्ला नाही त्यांच्या वाडग्यांना पाणी, आणि ज्यांना यंदा खायचंय त्यांच्या रोपांना नाही. असं कुठल्या कागदावर लिहिलंय ते दाखवा."

तिने एका बादलीत ओल्या फडक्याखाली एक वाडगा आणला होता. तिने फडकं बाजूला केलं. रहाटावरच्या बायका उतरून भोवती जमल्या.

"अगं बाई, हा तर माझ्या लग्नाच्या परातीवरचा ढग," हुईफांग म्हणाली.

"नवराही त्याच कबरीतला आणलास काय?" एकीने विचारलं, आणि सगळ्या हसल्या. मीही हसलो.

सूलानबाई हसली नाही. "रोज एक कावड द्या," ती तुआनला म्हणाली. "फक्त एक. अडतीस होते, काल एक गेला, आता सदतीस आहेत. मी तुमच्या पाया पडते." आणि ती खरंच चिखलात गुडघ्यांवर बसली.

तुआनने चटकन तिला धरून उठवलं. त्याचा चेहरा पडला होता. "चित्र चांगलं आहे, बाई. मला कळतं. पण मी हो म्हटलं तर उद्या प्रत्येक जण काहीतरी चांगलं घेऊन येईल, आणि माझ्याकडे भात उरणार नाही."

त्याचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही आणि आजही येत नाही.

घरी हुईफांगने मला फैलावर घेतलं. "म्हाताऱ्या, सगळ्यांसमोर त्या बाईला गुडघे टेकायला लावतोस? लाज वाटत नाही?" मी म्हटलं, मी कुठे लावलं. ती चुलीकडे वळली. "उद्यापासून माझी बादली ने. मी तोंड नाही धुतलं तर तुझ्याशिवाय बघतंय कोण."

तिची एक, माझी एक, सूलानबाईची एक आणि मिस्त्रींची एक. चार बादल्यांत एकच टब धड राहू शकत होता, आणि त्या टबात सातच वाडगे मावत होते. बाकीच्या तिसांचं काय करायचं ते मिस्त्रींनी सुचवलं.

"रोगण ओलीतच घट्ट होतं आणि लाकूड ओलीतच तगतं. दोघांनाही घाई चालत नाही. वाळूत पुरा. ओल्या वाळूत, अंधारात, जिथे वारा नाही तिथे. वाळू सहा महिन्यांत वाळली तर काही वाचतील. सहा दिवसांत वाळली तर एकही नाही."

केंद्रामागे हवाई हल्ल्यापासून बचावासाठी पूर्वी खणलेलं भुयार होतं. मी नदीकाठची ओली वाळू तीन दिवस वाहिली. पण सात वाडगे कुठले, यावरून शांग आणि सूलानबाई यांची जुंपली.

शांगांनी दोन वाडगे निवडले होते. त्यांवर पंख पसरलेले पक्षी होते, इतके देखणे की मलाही ते घरी न्यावेसे वाटायचे. सूलानबाईने जे सात काढले त्यांवरचं चित्र धड साप नव्हतं, धड पक्षी नव्हतं.

"हे तर बिघडलेले आहेत," शांग म्हणाले.

"बिघडलेलेच आहेत. साप काढता काढता कुणाचा तरी हात घसरला आणि पक्षी सुरू झाला. देखणे पक्षी उद्या दुसऱ्या कबरीतही निघतील, प्रमुख. हा घसरलेला हात निघणार नाही."

"ट्रक देखण्या वाडग्यांसाठी येतो, बाई. चुकीसाठी कुणी डिझेल जाळत नाही."

शेवटी पाच तिचे आणि दोन त्यांचे असं ठरलं. तिच्या पाचांत तेवीस क्रमांकाचा वाडगा होता. त्यावर सापाच्या वेटोळ्याला नुकतीच चोच फुटली होती, आणि रंगाऱ्याला आपण काय केलं ते कळलं नसावं, कारण शेजारच्याच सापाला त्याने चोच काढली नव्हती.

ऑगस्टमध्ये भुयारातही ऊब शिरली. वाळू वरून पांढरी पडायला लागली. सूलानबाई दिवसभर कंदील घेऊन आत बसायची. वाळूतून आवाज यायचा, टक, दातांखाली टरबुजाची बी फोडावी तसा. आवाज आला की ती तिथली वाळू बोटांनी उकरायची, तडकलेला वाडगा बाहेर काढायची आणि त्याचं पुन्हा एक चित्र काढायची, तडा कुठून कुठे गेला त्याच्यासकट. पातळ वाडगे आधी गेले. ढगवाले. कधी दिवसाला एक, कधी दोन. मी जेवणाचा डबा ठेवायचो आणि संध्याकाळी तसाच उचलायचो.

एक दिवस मी आत गेलो तर ती वाळूवर कलंडलेली. ओठ फुटलेले. आम्ही तिला बाहेर सावलीत आणलं. तेव्हा कळलं की ती आपल्या प्यायच्या पाण्यातलंही वाळूवर शिंपडत होती. मिस्त्रींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याने पाणी घालायला लागले. तिने चमचा ढकलला.

"टबात घाला."

"पी आधी," म्हातारा म्हणाला. "मी जन्मभर वाडगे केले. वाडगा मेला तर दुसरा करता येतो."

"हे नाही येत करता, बाबा."

मिस्त्रींचा हात थांबला. मग त्यांनी तिचं नाक दाबलं, लहानपणी औषध पाजताना दाबत असतील तसं, आणि पाणी तिच्या तोंडात ओतलं. ती रडली असती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं.

शांग हे सगळं दारात उभे राहून पाहत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या खोलीत आले. आपला एक देखणा वाडगा त्यांनी टबातून उचलला, ओल्या टॉवेलात गुंडाळला, वर प्लॅस्टिक बांधलं.

"मी वुहानला जातो," ते म्हणाले. "पत्राने कुणी हलत नाही. डोळ्यांनी बघतील तर हलतील."

"वाटेत जाईल तो," सूलानबाई म्हणाली.

"दर तासाला पाणी शिंपडीन."

तिने त्यांना अडवलं नाही. अडवण्याएवढं बळच तिच्यात उरलं नव्हतं.

पाच दिवसांनी शांग परत आले आणि केंद्राच्या पायरीवर बसले. मी चहा आणला तो त्यांनी हातात धरून ठेवला. सूलानबाई भुयारातून वर आली आणि समोर उभी राहिली.

"नदीवरच्या नावेच्या धक्क्यापाशी बस बंद पडली," ते म्हणाले. "आठ तास. झाड नाही, सावली नाही. मी पाणी घातलं, ते संपल्यावर बाटलीतला चहा घातला. नंतर टॉवेल उघडून बघायची हिंमत झाली नाही. वुहानच्या कचेरीत मला तीन टेबलांवर फिरवलं. चौथ्या टेबलावर एक म्हातारी बाई होती. मी तिच्यापुढे गाठोडं सोडलं. वाडग्याची मूठ झाली होती, आवळलेली मूठ. ती बाई बघत राहिली, मग उठली आणि फोन लावायला लागली." त्यांनी मान वर केली. "मी दोन मारले, सूलानबाई. पहिला हौसेपायी आणि दुसरा असा."

तिने त्यांच्या हातातला चहा घेतला आणि त्यांच्या तोंडाशी धरला. "प्या," एवढंच म्हणाली.

चौथ्या दिवशी ट्रक आला. बरोबर तीच म्हातारी बाई, छिन नावाची, आणि दोन माणसं, पाण्याचे हवाबंद डबे घेऊन. टबातले सहाही वाडगे धड होते. वाळूतून अकरा निघाले, सगळे जाड लाकडाचे, सापांचे आणि अर्धवट पक्ष्यांचे. ढगांचा एकही वाचला नव्हता.

छिनबाईने चित्रांची चळत पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. दोन वेळा मागे गेली, काशाच्या भांड्याकडे नजर टाकली, पुन्हा पुढे आली. "तुम्हाला जे दिसलं ते मला दिसतंय," ती म्हणाली. "पण शेवटच्या टोकाचं काहीच हातात नाही. चित्राला लोक पुरावा मानणार नाहीत. म्हणतील, बाईने आधी ठरवलं आणि मग काढलं."

"तडेही ठरवून काढले का?" सूलानबाईने विचारलं.

छिनबाईने चळत नीट करून परत दिली. "नक्कल करून पाठवा," ती शेवटी म्हणाली. "मूळ चित्रं तुमच्याकडेच ठेवा. माझ्या कचेरीत ती कुठल्या कपाटात जातील ते मलाही सांगता येत नाही."

ट्रक गेल्यावर सूलानबाईने रिकामा टब आडवा केला आणि त्यातलं पाणी शेवंतीच्या कुंड्यांना घातलं. हुईफांगने कमळकंदाचं सूप पाठवलं होतं, डबक्याच्या चिखलातून काढलेले बोटभर कंद, नावापुरतं हाड. आम्ही चौघं पायरीवर बसून जेवलो. सूलानबाईने दोनदा मागून घेतलं आणि वाडगा हातात असतानाच भिंतीला टेकून झोपली. शांगांनी तो तिच्या हातातून अलगद काढून घेतला.

पाऊस ऑक्टोबरात आला. आमच्या तुकडीला त्या वर्षी निम्मा भात झाला. तळ्यातून रोज एक कावड गेली असती तर किती कमी झाला असता, याचा हिशेब मी मनात अनेकदा मांडला. उत्तर दर वेळी वेगळं येतं.

पुढच्या वसंतात वुहानहून पत्र आलं. लाकूड टिकवण्यासाठी ज्या औषधात बुडवले त्यात सतरांपैकी पाच टिकले नाहीत, बारा वाळून पक्के झाले. तेवीस क्रमांक त्या बारांत होता. सूलानबाईने पत्र वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं. मिस्त्रींना आता कमी ऐकू यायचं, त्यांनी विचारलं, "पातळवाले?"

"ते नव्हतेच त्यात, बाबा. एकही नाही."

"हं," म्हातारा म्हणाला. मग म्हणाला, "पातळ लाकूड कुठे मिळेल मला अजून ठाऊक आहे."

तिने त्यांच्याकडे बघितलं. चित्रांच्या नकला निम्म्याच झाल्या होत्या. तिने दौतीत कुंचला बुडवला आणि मधली चित्रं सोडून एकोणचाळिसावं, पातळ वाडग्यावरच्या ढगाचं चित्र समोर ओढलं.